पंधरा वर्षांनंतरची परीक्षा : जुनी मोटारसायकल आणि नोंदणीचे नूतनीकरण

माण तालुक्यातील माळरानावरच्या वस्तीपासून कृष्णाकाठच्या उसाच्या फडापर्यंत आज मोटारसायकल पोहोचलेली नाही असे गाव सातारा व सांगली जिल्ह्यांत शोधूनही सापडणार नाही. पहाटे दुधाच्या कॅन संकलन केंद्रावर नेणारा शेतकरी, वस्तीशाळेवर जाणारे गुरुजी, दोन गावांचा कार्यभार सांभाळणारा ग्रामसेवक, आठवडी बाजारासाठी निघालेले जोडपे या सर्वांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. पूर्वी घरात बैलजोडीला जे स्थान होते, त्याच्या जवळपासचे स्थान या वाहनाने मिळविले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. साहजिकच ते सहजासहजी टाकून दिले जात नाही. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा चालवितो आणि एका गावात विकली गेलेली गाडी दुसऱ्या गावात आणखी पंधरा वर्षे धावते.

अशा जुन्या मोटारसायकलीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी एक दिवस मोटार वाहन निरीक्षकांसमोर उभे राहावे लागते. या तपासणीविषयी ग्रामीण भागात अनेक समज-गैरसमज आहेत. ‘पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात’ असे कोणी सांगतो, तर ‘नुसते शुल्क भरले की काम होते’ असे दुसरा सांगतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. जुनी मोटारसायकल या तपासणीत कितपत भरवशाने उत्तीर्ण होते, ती अडते तर कशामुळे अडते आणि उत्तीर्ण झाल्याने नेमके काय सिद्ध होते, याचा विचार वाहनधारकांनी आणि गावाच्या कारभाराशी संबंधित असलेल्या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

पन्नास वर्षांची वाटचाल

या दोन जिल्ह्यांचा दुचाकी वाहनांशी असलेला संबंध केवळ वापरापुरता नाही. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या सहभागातून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली व तिच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होऊ लागली. त्या काळात खेड्यातील खडबडीत रस्त्यांवर राजदूत, येझदी आणि बुलेट या मोटारसायकली दिसत असत. १९८५ मध्ये हिरो होंडा कंपनीची ‘सीडी १००’ ही चार फेऱ्यांच्या, म्हणजेच फोर-स्ट्रोक इंजिनाची गाडी आली. कमी पेट्रोलवर अधिक अंतर कापणाऱ्या या जातीच्या गाड्यांनी पुढील काळात ग्रामीण बाजारपेठ व्यापली. आज तपासणीसाठी येणाऱ्या जुन्या मोटारसायकलींत याच पिढीच्या गाड्या प्रामुख्याने दिसतात. एखादी जतन केलेली राजदूत किंवा येझदीही अधूनमधून रांगेत उभी असते.

कायदा काय सांगतो ?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ४१ नुसार खाजगी वापराच्या वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. त्यानंतर वाहन सुस्थितीत असल्यास नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते आणि ती पाच वर्षे संपल्यावर पुन्हा तसेच करता येते. उदाहरणार्थ, २००८ मध्ये नोंदलेली मोटारसायकल २०२३ मध्ये पहिल्या नूतनीकरणास पात्र झाली आणि तिची दुसरी वेळ २०२८ मध्ये येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ अन्वये नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत तो दाखल करता येतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या वाहनांवर न्यायालयीन आदेशांनुसार वयाचे बंधन आले. त्याच्या वार्ता ऐकून सातारा-सांगलीतही तेच लागू आहे, असा समज पसरला. वस्तुतः या दोन जिल्ह्यांत खाजगी मोटारसायकलीला केवळ वयामुळे नूतनीकरण नाकारले जात नाही. वाहन तपासणीत योग्य ठरले आणि कागदपत्रे पूर्ण असली, तर वीस किंवा तीस वर्षांची गाडीही कायदेशीरपणे रस्त्यावर राहू शकते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियम ५२-अ प्रमाणे केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम इत्यादींच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. ग्रामपंचायतीच्या नावे असलेली जुनी मोटारसायकल कितीही चांगली चालत असली, तरी तिच्या बाबतीत नूतनीकरणाचा मार्ग बंद झालेला आहे. ही बाब अंदाजपत्रक तयार करतानाच विचारात घेतली पाहिजे.

खर्चाचा हिशेब

१ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. मुदत उलटून गेल्यास विलंबाबद्दल दरमहा ३०० रुपयांच्या अतिरिक्त शुल्काची तरतूदही त्याच वेळी करण्यात आली. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी हे शुल्क २,००० रुपये केले. याखेरीज महाराष्ट्रात २०१० पासून पंधरा वर्षांवरील खाजगी वाहनांवर पर्यावरण कर आहे. तो लागू झाला तेव्हा दुचाकीसाठी पाच वर्षांचे २,००० रुपये असा त्याचा दर होता. शुल्क व कराचे दर वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी कार्यालयात किंवा अधिकृत संकेतस्थळावर त्यांची खात्री करून घेणे इष्ट होय. विम्याचा हप्ता आणि प्रदूषण तपासणी यांचा खर्च वेगळा असतो.

ही रक्कम लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. म्हणूनच कित्येक जण ‘पुढच्या सुगीला बघू’ म्हणून नूतनीकरण लांबणीवर टाकतात. परंतु नोंदणीची मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणणे हा अपराध आहे आणि अपघात झाल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात यामुळे अडचणी उभ्या राहतात. वाचविलेल्या हजार-दोन हजार रुपयांपेक्षा असा एक दावा कुटुंबाला कितीतरी महागात पडू शकतो.

गाडी उभी, कागद आडवे

वाहनाच्या तपासणीचा विचार करताना प्रथम इंजिन डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात इंजिनापर्यंत जाण्याआधीच अनेक जुन्या गाड्यांची वाट कागदपत्रांपाशी अडते. ग्रामीण भागात गाडी एकाने घ्यावी, दुसऱ्याला तोंडी व्यवहारात द्यावी, त्याने तिसऱ्याला मुद्रांकावर लिहून विकावी आणि नोंदणी पुस्तकात मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहावे, हे वारंवार घडते. नियमानुसार वाहन विकत घेणाऱ्याने हस्तांतरणाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. नमुना २९ व ३० हे त्यासाठीच आहेत. पंधरा वर्षांनी मूळ मालकाची सही हवी झाली म्हणजे तो कोठे आहे याचा शोध सुरू होतो.

मालक मृत झाला असल्यास वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवून नमुना ३१ मध्ये हस्तांतरणासाठी अर्ज करावयाचा असतो. वडिलांच्या पश्चात सात-बाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी तलाठ्याकडे तत्परतेने जाणारी कुटुंबे मोटारसायकलीची नोंद मात्र विसरतात. कर्जाची बाबही अशीच आहे. पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, परंतु नमुना ३५ भरून नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरविलेला नसतो. कर्ज फिटले त्याच महिन्यात हे काम एका सहीने होते. दहा वर्षांनी ते करावयाचे म्हटले, तर जुने दप्तर शोधावे लागते.

चेसिस क्रमांकाची पडताळणी हा तिसरा अडथळा होय. सांगाड्यावर ठोकलेला हा क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी जुळावा लागतो. जुन्या गाडीत हँडलच्या मानेजवळ गंज चढून तो पुसट होतो किंवा हौसेने मारलेल्या रंगाच्या थरांखाली दिसेनासा होतो. काही गाड्यांचे इंजिन मधल्या काळात बदललेले असते आणि त्याची नोंद कार्यालयात नसते. कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनेच करता येतो. यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेली गाडीही या एका कारणाने परत पाठविली जाऊ शकते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे बंधनकारक असल्याने ती पाटी मागवितानाही हेच क्रमांक बिनचूक लागतात.

प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक

प्रत्यक्ष वाहनाच्या तपासणीत निरीक्षक काय पाहतात, हे गुपित नाही. पुढील दिवा वर-खाली होतो काय, मागील दिवा व ब्रेकचा दिवा लागतो काय, दिशादर्शक दिवे व हॉर्न चालतात काय, आरसे, परावर्तक आणि वेगदर्शक जागेवर आहेत काय, हे प्रथम पाहिले जाते. मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पायटेकणी आणि मागील चाकाचा निम्म्याहून कमी नसेल इतका भाग झाकणारे संरक्षण या तीन गोष्टी नियम १२३ ने आवश्यक केल्या आहेत. या शेवटच्या भागाला लोक ‘साडी गार्ड’ म्हणतात. दुधाच्या कॅन अडकविण्यासाठी तो काढून टाकला जातो आणि मागे बसणाऱ्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी चाकात जाण्याचा धोका कायमचा निर्माण होतो.

टायरवरील खाचांची खोली दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ती मापण्यासाठी यंत्राची गरज नसते. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला भिडले म्हणजे टायरचे आयुष्य संपले, असे समजावे. बाजूच्या भिंतीला चिरा गेलेला टायर खाचा शिल्लक असूनही धोकादायकच असतो. कमी वापराच्या जुन्या गाडीत हा दोष विशेषेकरून आढळतो, कारण रबर धावण्याने झिजते तसे उन्हाने व वयानेही कडक होते.

दिव्यांची बाब वरवर किरकोळ वाटते, पण जुन्या गाडीत ती सर्वांत आधी बिघडते. पूर्वीच्या अनेक गाड्यांत ६ व्होल्टची विद्युत व्यवस्था असे आणि पुढील दिव्याला थेट मॅग्नेटोपासून वीज मिळे. त्यामुळे इंजिन मंद झाले की दिवाही मंद होतो. हा त्या रचनेचाच गुण आहे. दिवा इंजिनाचा वेग वाढवूनही पिवळा व क्षीण राहत असेल, तर मात्र गंजलेली जोडणी, सैल अर्थिंग किंवा काळवंडलेला परावर्तक यांपैकी काही तरी कारण असते. ब्रेकच्या दिव्याचा खटका चिखलाने अडकतो व महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण चालकाला स्वतःच्या गाडीचा मागील दिवा कधीच दिसत नाही.

येथे एक तत्त्व स्पष्ट केले पाहिजे. जुने वाहन हे ते तयार झाले त्या काळच्या मानकांनुसार तपासले जाते. १ एप्रिल २०१७ पासून तयार झालेल्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. २००५ च्या गाडीत तशी सोय नसल्यास तो दोष ठरत नाही. मात्र जे उपकरण त्या काळी आवश्यक होते, ते आजही चालू स्थितीत असलेच पाहिजे.

धुराची भाषा

नोंदणीपासून एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर प्रत्येक वाहनासाठी प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, अर्थात पीयूसी, आवश्यक असते. जुन्या गाड्यांसाठी त्याची मुदत सहा महिन्यांची आहे. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीच्या धुरात, इंजिन मंद चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांपर्यंत चालते. त्यानंतरच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आहे. भारत स्टेज-४ आणि त्यापुढील गाड्यांची मानके याहून कडक आहेत व त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते.

या चाचणीत गाडी अडली म्हणजे इंजिन संपले, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडल्यामुळे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत उन्हाळ्यात उडणाऱ्या धुळीने हवेची गाळणी लवकर चोंदते. गाळणी स्वच्छ करणे किंवा बदलणे, अर्धवट अडकलेला चोक मोकळा करणे आणि कार्बोरेटरचा मंद गतीचा स्क्रू योग्य जागी आणणे, एवढ्याने पुष्कळदा आकडा मर्यादेत येतो. निळसर धूर मात्र वेगळी गोष्ट सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनात तो दिसला तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हजवळून तेल जळत आहे असे समजावे. त्यावर स्क्रू फिरविणे हा उपाय नव्हे. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेल जळतच असते. तेथे तेलाचे प्रमाण योग्य ठेवणे व सायलेन्सरमधील काजळी काढणे, हे दोन उपाय प्रथम करावेत.

इंधनाच्या संदर्भात आणखी एक नवी बाब आहे. या दोन जिल्ह्यांतील साखर कारखानदारीशी निगडित असलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या गाड्या अशा मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. त्यांतील रबरी नळ्या व गास्केट यांची वेळोवेळी पाहणी करून चिराळलेला भाग बदलणे आवश्यक आहे. टाकीखाली पेट्रोलचा वास येऊ लागणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे.

घाट, माळ आणि महापूर

वाई ते पाचगणी या मार्गावरील पसरणी घाट असो की पाटणहून कोकणात उतरणारा कुंभार्ली घाट असो, उताराच्या रस्त्यावर ब्रेकची खरी कसोटी लागते. जुन्या मोटारसायकलीचे ब्रेक ड्रम पद्धतीचे असतात. लायनर झिजत गेले तसे ब्रेकचा दट्ट्या आवळत जाण्याची पद्धत आहे. परंतु एका मर्यादेनंतर आवळणे निरुपयोगी ठरते. लांब उतारावर ड्रम तापतो व ब्रेकची पकड कमी होते. अशा वेळी खालचा गिअर घालून इंजिनाच्या ओढीचा उपयोग करणे आवश्यक असते. पुढील ब्रेक ‘गाडी उलटते’ या भीतीने वापरावयाचाच नाही, अशी सवयही अनेकांना असते. वास्तविक ब्रेक लावताना गाडीचा भार पुढील चाकावर येतो व तिला थांबविण्याचे अधिक काम पुढील ब्रेकच करतो. न वापरलेला ब्रेक गंजून अडकतो आणि तपासणीच्या दिवशीच तो निकामी असल्याचे उघड होते.

सांगली जिल्ह्याला आणखी एका आपत्तीचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. २००५ व २०२१ मध्येही नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन, तेल बदलून सुरू होते आणि मालकाला ती पूर्ववत झाल्यासारखी वाटते. परंतु चाकांच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या कोनसेटमध्ये, वायरिंगच्या जोडांत व ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेला गाळ आपले काम पुढे काही वर्षे करीत राहतो. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे हे चार भाग उघडून पाहिल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवू नये.

तपासणी जे पाहत नाही

वरील सर्व विवेचनावरून जुन्या गाडीचा तपासणीतील निकाल हा दैवाचा भाग नसून बव्हंशी आधीच सांगता येण्याजोगा आहे, हे ध्यानात येईल. कागद स्वच्छ असतील, दिवे, हॉर्न, आरसे जागेवर असतील, धूर मर्यादेत असेल आणि दोन्ही ब्रेक धरत असतील, तर वीस वर्षांची गाडी उत्तीर्ण होते. यांपैकी एक नसेल, तर सोळा वर्षांची गाडीही परत जाते. म्हणून गाडीचे वय हा निर्णायक घटक नाही. तिची निगा कशी राखली गेली, यावर निकाल ठरतो.

तथापि, उत्तीर्ण होणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर आहे. तपासणी होते तेव्हा गाडी धुतलेली असते, रिकामी असते व तिच्यावर एकच माणूस असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावर ४० लिटरच्या दोन कॅन चढतात, म्हणजे ८० किलोंहून अधिक वजन वाढते. सायंकाळी तिच्यावर पती, पत्नी आणि मूल असे तिघे बसलेले दिसतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. रिकाम्या गाडीला जेमतेम थांबविणारा ब्रेक भरलेल्या गाडीला वेळेत थांबवील, याची हमी कोणतेही प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

कालावधीचा प्रश्न तर याहून मोठा आहे. खाजगी मोटारसायकल नवी असल्यापासून पंधरा वर्षे होईपर्यंत, पीयूसीच्या यंत्राखेरीज, नियमाने ठरलेली कोणतीही तपासणी तिच्या वाट्याला येत नाही. त्यानंतरही ती पाच वर्षांतून एकदाच येते. ब्रेकचे लायनर, टायर आणि साखळी यांचे आयुष्य मात्र काही थोड्या वर्षांचेच असते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर मोटारसायकलीची दरवर्षी तपासणी होते. तेथेही नापास होण्याच्या कारणांत दिव्यांचे दोष अग्रभागी असतात. जपानमध्ये २५० घनसेंटिमीटरवरील मोटारसायकली नव्या असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासल्या जातात, परंतु त्याहून लहान गाड्यांना ही तपासणी नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानेही १२५ घनसेंटिमीटरवरील दुचाकींचाच प्रामुख्याने विचार केला. आपल्याकडील ग्रामीण मोटारसायकली मुख्यतः १०० ते १२५ घनसेंटिमीटरच्या आहेत. त्यांची दरवर्षीची तपासणी ही तूर्त मालकाचीच जबाबदारी राहते.

गावाने काय करावे ?

ही जबाबदारी पार पाडण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दसऱ्याला प्रत्येक घरी गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा केली जाते. त्याच दिवशी घरातील एकाने गाडीवर बसावे व दुसऱ्याने मागे उभे राहून ब्रेकचा दिवा, मागील दिवा व दिशादर्शक दिवे पाहावेत. पुढील चाक उचलून हँडल सहज फिरते काय व चाक बाजूला हलते काय, हे तपासावे. मोकळ्या जागी सावकाश वेगात दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत. टायर बोटाने चाचपावा. नोंदणी पुस्तक उघडून तीन नोंदी वाचाव्यात : मालकाचे नाव, बोजा आणि मुदतीची तारीख. या कामास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास हेच काम सार्वजनिक स्वरूपात करता येईल. गावातील मिस्त्रींच्या साहाय्याने वर्षातून एक दिवस दुचाकी तपासणीसाठी ठेवावा. ज्यांची मुदत येत्या वर्षात संपते अशा गाड्यांची यादी करून त्यांच्या मालकांना आधी सूचना द्यावी. सातारा जिल्ह्यात सातारा व कराड येथे आणि सांगली जिल्ह्यात सांगली येथे परिवहन कार्यालये आहेत. एमएच-११, एमएच-५० आणि एमएच-१० हे त्यांचे अनुक्रमे क्रमांक होत. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी भरणाऱ्या परिवहन विभागाच्या शिबिरांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास लोकांची एक खेप व एका दिवसाची मजुरी वाचेल. अर्ज आता संगणकीय प्रणालीतून भरावे लागतात. हे काम आपले सरकार सेवा केंद्रातून होऊ शकते. जुन्या कागदी पुस्तकावरील नोंद संगणकात आलेली आहे किंवा नाही, हे मात्र अगोदर पाहून घ्यावे.

शिक्षकांचे कार्य याहूनही मोलाचे आहे. ‘बाबा, आपल्या गाडीचा मागचा दिवा लागत नाही’ असे मुलाने घरी येऊन सांगितले, तर त्याचा परिणाम दंडाच्या पावतीपेक्षा अधिक होतो. वेग, अंतर आणि काळ यांची गणिते वर्गात शिकविताना गावच्या रस्त्याचेच उदाहरण घेतले, तर ब्रेकचे महत्त्व मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. जानेवारीत होणाऱ्या रस्ता सुरक्षा अभियानाला घोषणांबरोबर अशा प्रत्यक्ष तपासणीची जोड मिळाली, तर त्याचा उपयोग वर्षभर टिकेल. शासकीय कर्मचाऱ्यांनीही स्वतःच्या गाडीपासून आरंभ करणे उचित होय. ज्या गाडीवरून ग्रामसेवक वा शिक्षक गावात येतात, ती गाडी गाव रोज पाहत असते.

नोंदणीचे नूतनीकरण ही पाच वर्षांची मुभा आहे. तिच्यामागील अपेक्षा मात्र रोजची आहे. निरीक्षकांसमोर गाडी काही मिनिटे उभी राहते आणि त्यानंतर पाच वर्षे ती घाटातून, माळावरून, उसाच्या ट्रॉलींच्या मागून आपल्या माणसांना घेऊन धावत असते. त्या काही मिनिटांसाठी जी तयारी वाहनधारक करतो, ती त्याने दर दसऱ्याला केली, तर तपासणीच्या दिवशी त्याला वेगळी तयारी करावी लागणार नाही. घरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी सुखरूप परत यावा, हाच या सर्व नियमांचा अंतिम हेतू आहे.